पाठीवरच्या दोन चापट्या

हुतुतूत मी कसा होतो हे आमच्या गावात कोणालाही विचारा, लोक चांगलंच सांगतील. जत्रेतल्या त्या शेवटच्या चढाईची गोष्ट तर हमखास सांगतील, आणि मी तिथे असलो तर माझ्याकडे बघत बघत सांगतील. अशा वेळी मी चंचीत चुन्याची डबी शोधू लागतो. डबी हाताशीच असते, पण गोष्ट संपेपर्यंत ती मला सापडत नाही.

युद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. आमचं गाव खर्डी स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर. मी तिशी गाठत आलो होतो आणि गावाच्या संघाचा म्होरक्या होतो. भातं झोडून झाली की मुरबाडच्या बाजूला एक जत्रा भरे, तिथे आमच्या आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांतली गावं खेळायला येत. बक्षीस म्हणजे एक पितळी घागर आणि वर्षभराची मिजास. घागरीवाचून आमचं काही अडलेलं नव्हतं, मिजास मात्र हवी होती. ओळीने दोन वर्षं ती वैशाखऱ्याकडच्या एका गावाने नेली होती. त्याच गावात माझी आत्या दिलेली होती, त्यामुळे आमच्या हरण्याची हकिकत तिखटमीठ लावून आमच्या घरी पोचत असे.

त्या जत्रेत एक नियम होता. कोण कोणत्या गावाचा गडी यावरून मागे कधीतरी डोकी फुटली होती, म्हणून पंचांनी ठरवून टाकलं होतं की माणसाने ज्या गावच्या खाचरात त्या पावसाळ्यात आवणी केली, त्या गावाकडून त्या साली खेळायचं. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावणं. ती करताना माणूस सगळ्या गावाच्या डोळ्यांपुढे वाकलेला असतो, लपवालपवीला जागा राहत नाही. नियम चांगला होता. त्याची वाट लावायचं काम माझ्या हातून झालं.

आवणीला माणसाच्या बदली माणूस देण्याची चाल आमच्याकडे होतीच. तुमच्या घरचा एक जण आमच्या खाचरात चार दिवस वाकला, तर आमचा एक तुमच्याकडे चार दिवस वाकायचा. ही शेजाऱ्यापाजाऱ्यांची सोय होती. ती दीड दिवसाच्या वाटेवरच्या गावाशी, आख्ख्या आवणीसाठी, आणि तीही खेळाडू मिळवायला वापरायची, ही अक्कल माझी.

आमच्या संघात एक अठरा वर्षांचा पोरगा होता. सगळ्यांत लहान म्हणून त्याला आम्ही धाकला म्हणायचो. बाप लहानपणीच गेलेला, घरी आई आणि दोन खाचरं. पोरगा बोलायला कमी, पण त्याच्या हातात माणसाचा घोटा सापडला की सुटत नसे. चढाईला अजून कच्चा होता, घाई करायचा, दम अर्ध्यात संपवायचा. तरी बघणाऱ्याला कळत होतं की हे पोर दोन-तीन वर्षांत कुठल्या कुठे जाणार आहे. मला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण कापलेल्या खाचरात त्याला रोज मीच शिकवत होतो.

आपल्या अंगात किती जोर आहे याचा त्याला अंदाज नव्हता. एकदा सरावात त्याने मला असं दाबून धरलं की माझा खांदा महिनाभर वर होईना. हुतुतूत चढाई करणाऱ्याला दम सोडता येत नाही, तोंडाने हुतुतू चालूच ठेवावं लागतं. ‘सोड’ म्हणायला तोंड उघडलं की मेलास. म्हणून सरावापुरती मी एक खूण बसवली. पकडलेल्या गड्याने धरणाऱ्याच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या की सोडायचं. विचार करायचा नाही, माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, चापट्या पडल्या की हात उघडलाच पाहिजे. शंभरदा केलं असेल आम्ही ते. शेवटी त्याचा हात त्याला न विचारता उघडायला लागला, आणि मी त्याला शाबासकी दिली.

दुसऱ्यांदा हरून आलो त्यानंतर आम्ही चार-पाच जण आमच्या खळ्यावर बसलो. आत्याच्या गावाकडे पकडीला एक जुना गडी होता. चाळिशीच्या घरातला, दोन्ही तालुक्यांत नाव. त्याने हात टाकला की चढाईवाला निम्मा तिथेच मरायचा. मी म्हणालो, हा आपल्याला मिळाला तर घागर आपली. त्याच्याशी आणि आत्याच्या घरी मी आधीच बोलणं काढून ठेवलं होतं. तो यायला तयार होता आणि ते द्यायलाही तयार होते, फक्त बदल्यात त्यांना धाकला हवा होता.

माझा चुलतभाऊ तेवढा आडवा आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ते लोक वेडे नाहीत, त्यांनी पुढची आठ-दहा वर्षं बघितली आहेत आणि आपण पुढची जत्रा बघतो आहोत. म्हाताऱ्या बैलाच्या बदली कोणी तरणा पाडा मागायला लागला तर आपण त्याला दारात उभा करत नाही. अजून दोन जत्रा हरू, पण हा पोरगा तयार होऊ दे, मग बघा.

मी त्याला गप्प केलं. म्हटलं, एका सालाचा तर प्रश्न आहे, पुढच्या आवणीला धाकला परत आपल्या खाचरात. आणि मोठ्या गावात खेळला तर पक्काच होईल, त्याच्या भल्याचंच आहे. बाकीच्यांना पटलं. मला स्वतःला पटलं होतं का, हे आज विचारलं तर नाही म्हणून सांगेन. दोन-तीन वर्षं धाकल्याकडे होती, माझ्याकडे नव्हती. माझे गुडघे वाजायला लागले होते. तो तयार होईल तेव्हा मी रेघेबाहेर धोतर सावरत उभा असणार होतो, आणि लोक म्हणणार होते की याला याने शिकवला. शिकवणारा म्हणून नाव घ्यायची माझी तयारी नव्हती. मला घागर माझ्या हातात हवी होती.

धाकल्याच्या आईला मी खेळाचं काही बोललोच नाही. आत्याच्या घरी आवणीला माणूस कमी आहे एवढंच सांगितलं. ती म्हणाली, मग आमची आवणी कोण करणार? म्हटलं, त्यांचा माणूस येतोय ना, तुझ्या खाचरात तोच वाकेल. तिने मान हलवली आणि पोराच्या फडक्यात सुकट बांधून दिली. मी गावातला जाणता माणूस, मी सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

बदलीचा तो जुना गडी, आमचा पाव्हणा, आला तो लंगडत. वाटेत पाय मुरगळला म्हणाला. आवणी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी त्याचा उजवा गुडघा सुजून मांडीएवढा झाला, आणि तेव्हा त्याने कबूल केलं की हा गुडघा दोन वर्षं असाच आहे, कोरड्यात बरा राहतो. चिखलात वाकायचं सोडून तो बांधावर बसून रोपांच्या जुड्या फेकायचा. धाकल्याची खाचरं शेवटी त्याच्या आईनेच लावली, पाव्हण्याला दोन्ही वेळ वाढून. मी तेव्हाही माणूस पाठवून धाकल्याला परत बोलावू शकलो असतो. पण त्याचे हात तोवर तिकडच्या चिखलात गेले होते, नियमाने तो त्यांचा झाला होता. नियम मी सोयीने पाळत होतो, हे आता लिहिताना दिसतं.

गौरी-गणपतीला तो घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. आत्याच्या गावात कोणीतरी हसत हसत सांगितलं होतं की तुझ्या बदली आम्ही लंगडा दिला. तो माझ्याकडे आला, ओटीवर न बसता खालीच उभा राहिला.

"दादा, म्हंजे या साली मी त्यांच्याकडनं खेलायचं?"

"एकच साल रे."

"मी कुठं कमी पडलो काय?"

मी म्हणालो की तू पक्का व्हावास म्हणून केलं. त्याने ते खरं मानलं. निघताना पाया पडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

जत्रेत आमची आणि आत्याच्या गावाची गाठ शेवटच्या दिवशी दुपारी पडली. पाव्हणा दुसऱ्याच पकडीत खाली बसला तो उठलाच नाही, त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं. तिकडे धाकला असा खेळत होता की मला धड राग येईना, धड कौतुक करवेना. पाच महिन्यांत त्या लोकांनी त्याची घाई काढून टाकली होती. दम पुरवून पुरवून वापरत होता. आमचे तीन गडी त्याने एकट्याने मारले.

शेवटी बरोबरी झाली आणि एक चढाई उरली, ती माझी. मी आत गेलो, कोपऱ्यातल्या एकाला पाय लावला आणि वळलो. रेघ दोन हातांवर होती. तेवढ्यात घोटा पकडला गेला. कोणाचा हात आहे हे बघायची गरज नव्हती, तो हात मी ओळखत होतो. मी पालथा पडलो, तो माझ्या पायावर आडवा. मी कुशीवर वळून रेघेकडे हात लांबवला, पोचेना. दम संपत आला होता, तोंडातून हुतुतू नुसतं फुसफुसत होतं. पंच अगदी वर वाकून ऐकत होता.

तेव्हा मी डाव्या हाताने त्याच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या.

हात उघडला. त्याने उघडला असं मी म्हणणार नाही, तो आपोआप उघडला, मीच तसा शिकवला होता. मी सरपटत जाऊन रेघेला बोट लावलं आणि मग दम सोडला. आमच्या लोकांनी मला उचललं. खांद्यावरून मला दिसलं की धाकला जमिनीवर तसाच बसून स्वतःच्या तळहाताकडे बघतोय.

तिकडच्या लोकांनी त्याला घेरलं. गाववाल्याला सोडलंन, असा गलका झाला. माझी आत्या बायकांत उभी होती, तीही काहीतरी बोलत होती. पंचाने गलका थांबवला आणि त्याला सरळ विचारलं.

"का सोडलास रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा सांगणार. तो म्हणाला, "हात सुटला."

मग पंच माझ्याकडे वळला. मला खाली उतरवलेलं होतं, घागर हातात यायची होती. त्याने विचारलं की पकड ढिली होती का, तुम्ही म्होरके आहात, तुम्ही सांगा.

"ढिलीच होती," मी म्हणालो.

सगळ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यांत नीच वाक्य ते. खेळात जिंकायच्या भरात हात उचलला गेला, असं मी कितीदा तरी स्वतःला समजावलं आहे. पण हे वाक्य मी उभा राहून, दम घेऊन, विचार करून बोललो. माझी मला लाज वाटते ती मुख्य या वाक्याची.

पाव्हणा बाहेर गुडघ्याला पाला बांधून बसला होता. मी त्याच्या जवळून गेलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "हात बगितला मी तुजा." त्याने कोणाला सांगितलं नाही. आमच्या गावचं अन्न पाच महिने खाल्लं होतं, म्हणून असेल. निघताना मात्र मला राम राम न करता निघून गेला.

आत्याच्या गावाने धाकल्याला त्याच संध्याकाळी फडकं हातात देऊन बाहेर काढलं. आमचं गाव त्याला डोक्यावर घ्यायला तयार होतं, आणि तेच वाईट होतं. पोरगा रक्ताला जागला, आपल्या दादासाठी हात सोडलान, असं जो तो म्हणायला लागला. म्हणजे तिकडे तो लबाड होता आणि इकडेही लबाडच होता, फक्त इकडे त्याचं कौतुक होतं. तो आठवडाभर राहिला. पुढच्या आवणीला तो आपल्या खाचरात असेल असं मी सांगितलं होतं, पण त्या आवणीच्या आधीच मायलेकांनी खाचरं चुलत्याकडे दिली आणि सिद्धगडाच्या बाजूला लाकूडतोडीच्या कामावर निघून गेली. वाटेत त्यांना माझ्या घरावरून जावं लागलं. मी परड्यात काम काढून बसलो होतो.

मग युद्ध आलं, रॉकेल मिळेना, कापड मिळेना, जत्रेतले खेळ दोन-तीन वर्षं झालेच नाहीत. मी खेळणं सोडलं. लोकांनी गोष्ट सांगणं सोडलं नाही.

युद्ध संपल्यानंतरच्या एका थंडीत आत्या गेली. तिच्या बाराव्याला गेलो आणि परतताना वैशाखऱ्याच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या एका कापलेल्या खाचरात पोरं हुतुतू खेळताना दिसली. शिकवणारा बांधावर उभा होता. पाठीवरून ओळखला मी त्याला, धाकलाच होता. बायकोच्या गावी राहिला होता, कडेला त्याची लहान मुलगी मातीत बसली होती. मला बघून तो खाली आला, पाया पडला, पोथीतल्या शिष्यासारखा. मला वाटलं पाय मागे घ्यावेत, पण तोवर त्याने हात लावला होता.

आम्ही बांधावर बसलो. समोर एक पोर पकडीत सापडलं होतं, तोंड लाल झालं होतं, तरी धरणाऱ्याने सोडलं नाही. दम पूर्ण तुटला, शिकवणाऱ्याने हाक दिली, तेव्हाच हात निघाले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चापट्यांची खून मी पोरांना शिकवत नाय, दादा."

मी म्हणालो की पंच अजून आहेत, जत्रा परत भरायला लागली आहे, मी जाऊन सगळ्यांसमोर सांगतो. दहा वर्षं जे गिळून बसलो होतो ते असं भसकन तोंडातून आलं. तो जरा हसला.

"आता कोनाला काय त्याचं? सांगायचं तर आयेला सांगा. ती अजून येनाऱ्या जानाऱ्याला सांगते, माज्या पोरानं गावासाठी हात सोडलान. मला ते ऐकवत नाय."

घर चार पावलांवर होतं. म्हातारी दारात नाचणी पाखडत होती. डोळे अधू झाले होते, आवाजावरून तिने मला ओळखलं आणि तिला एवढा आनंद झाला की सूप बाजूला सारून ती उठूनच उभी राहिली. गावातल्या एकेकाची चौकशी केली. तिच्या खाचरांना यंदा पाणी किती होतं ते विचारलं. मग मी पाणी न पिता, बसायच्या आधी, सांगून टाकलं. खूण कशी होती, कोणी शिकवली, कोणी वापरली, पंचाला मी काय म्हणालो, सगळं.

ती खाली बसली. सूप परत पुढे ओढलं, पण पाखडलं नाही.

"म्हंजे त्यानं गावासाठी सोडला नव्हता हात."

"नाय गो काकी."

"मंग इतकी सालं बोल्ला का नाय मला?" हे ती मला नाही, माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या त्याला विचारत होती.

तो म्हणाला, "तुला बरं वाटायचं ना."

मी तिचा पोरगा गावाबाहेर घालवला होता हे मला ठाऊक होतं. त्या घरात तिच्याजवळ दहा वर्षं जपलेली एक चांगली गोष्ट होती, तीही मीच आत्ता येऊन काढून घेतली, हे तिचा चेहरा बघून कळलं. खरं सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मग तिने विचारलं, "ती घागर हाय काय रे तुज्याकडं?"

"हाय."

"पानी भरता तिच्यात?"

"भरतो."

तिने मान हलवली आणि पाखडायला लागली. मी निघालो. तो रस्त्यापर्यंत पोचवायला आला, तान्ह्यासारखी मुलगी कडेवर घेऊन. मुरबाडकडे जाणारा एक खटारा त्यानेच थांबवला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना घरी पोचलो. वाटभर ठरवत आलो होतो की पहिलं काम म्हणजे खळ्यावर चार माणसं बोलवायची आणि त्यांना सांगायचं. बायको अंगणात आली, लांबून आलेला माणूस म्हणून पायांवर पाणी घालायला तिने घागर उचलून आणली. तीच घागर. शेजारचा म्हातारा कुंपणाशी होता, तो तिच्याकडे बोट दाखवून आपल्या नातवाला माझ्या शेवटच्या चढाईची गोष्ट सांगू लागला. मी खाली मान घालून पाय धुतले, आणि मग आत जाऊन चुन्याची डबी शोधत बसलो.